रोमिंगवरची आत्या

"अक्का, उचलू नकासा! कट करा, कट करा!"

बँकॉकबाहेरच्या एका कालव्याच्या धक्क्यावर माझा एक पाय होडीत होता आणि एक फळीवर, तेवढ्यात पर्समधला फोन वाजायला लागला. ओरडला तो विट्याचा बंडू खराडे. त्याच्यामागोमाग आणखी दोघे-तिघे ओरडले. पर्समध्ये फोन नाही, विंचू निघाला असं कुणालाही वाटलं असतं. मी पर्समध्ये हात घातला, चाचपून बटण दाबलं, फोन गप्प केला आणि निऱ्या सावरत होडीत उतरले.

"वाचलं बघा मीटर," बंडू म्हणाला. पैसे माझे वाचले होते, समाधान त्याला झालं होतं.

आता कुणाला सांगून खरं वाटणार नाही, पण तेव्हा परदेशात गेल्यावर आलेला फोन नुसता उचलला तरी पैसे पडायचे, आणि तेही थोडेथोडके नाहीत. आमच्या रंगाच्या कंपनीने चांगला धंदा करणाऱ्या दुकानदारांना थायलंडची सहल दिली होती. सांगली, सातारा, कोल्हापूरकडचे चाळीसेक दुकानदार, आणि त्यात बाई मी एकटी. हेमलता पोतदार, इस्लामपूर, पेंट्स आणि हार्डवेअर. नवरा गेला तेव्हा "दुकान विकून टाका, बाईमाणसाचं काम नव्हे" म्हणणारे पुष्कळ होते. त्यांच्याच घरांना पुढे मी रंग विकला.

सहलीला मीही येणार म्हटल्यावर निम्म्या मंडळींची तोंडं उतरली होती. बँकॉकला जायचं आणि तिथे थोरल्या बहिणीसारखी बाई बरोबर, म्हणजे सगळ्या मनसुब्यांवर पाणीच. पण दुसऱ्याच दिवशी माझा भाव वधारला, कारण तिथे चालणारा फोन एकट्या माझ्याकडे होता. दुकान तुकारामवर, म्हणजे आमच्या जुन्या नोकरावर, सोपवून आले होते, म्हणून रोमिंग सुरू करून घेतलं होतं. तुकारामला बजावून ठेवलं होतं की दुकान उघडलं की एक मिस्ड कॉल द्यायचा, मी तो कापायचा, बोलायचं नाही. मंडळींनी ही युक्ती लगेच उचलली. सगळ्यांच्या घरी माझा नंबर गेला. त्यांच्या बायका एक घंटी द्यायच्या, मी कापायची आणि बसमध्ये उभी राहून ओरडायची, "जाधव, घरी सगळं बरं आहे!" त्या चार दिवसांत निम्म्या सांगली जिल्ह्याची खुशाली माझ्या पर्समध्ये होती.

त्यामुळे होडीत बसल्यावर मिरजेच्या शहापुरेकाकांनी विचारलं ते सवयीनेच. "कुणाचा हो, हेमलताबाई? आमच्या मंडळींचा का?"

शहापुरे आमच्यातले सगळ्यांत वयस्कर, अंगाने अगडबंब. होडीत ते ज्या बाजूला बसत ती बाजू खाली जाई, म्हणून गाईड पोरीने त्यांना बरोबर मध्ये बसवलं होतं. मी फोन काढून बघितला.

नाव नव्हतं. नुसता नंबर.

पण तो नंबर मला पाठ होता. चार वर्षांपूर्वी रागाच्या भरात मी त्याच्यापुढचं नाव पुसून टाकलं होतं. फोनमधलं नाव पुसायला काय लागतं? दोन बटणं दाबली की झालं. डोक्यातला नंबर काही त्यानं पुसला जात नाही. तो दिगूचा नंबर होता. माझ्या धाकट्या भावाचा.

होडी सुटली. लांब दांड्याच्या त्या मोटरचा असा काही आवाज सुरू झाला की बोलायची सोय उरली नाही. दोन्ही बाजूंना पाण्यात खांब रोवून बांधलेली घरं, उंबऱ्यावर बसून भांडी घासणाऱ्या बायका, टोपल्यांत फळं घेऊन चाललेल्या होड्या. मंडळी फोटो काढत होती. मी मांडीवरच्या फोनकडे बघत होते.

"काय झालं ओ?" शहापुरेकाका माझ्याकडे वाकले, तशी होडी माझ्या बाजूला कलली. "तोंड का असं झालंय? घरचं काही वाईट नाही न्हवं?"

"धाकट्या भावाचा फोन होता."

"मग?"

"चार वर्षांनी केला त्यानं. आणि मी कापला."

 बंडू समोरच होता, त्याच्या कानावर गेलं. त्याने कॅमेरा खाली घेतला. "अक्का, मला काय ठावं ओ… मी आपलं नेहमीसारखं…"

"तुझं काही चुकलं नाही रे," मी म्हणाले. 

"मग लावा की परत," काका म्हणाले.

"मी? मी कशाला लावू?"

"अहो बाई, जरा विचार करा. त्यानं चार वर्षांनी धीर करून लावला. एका घंटीत तुम्ही तोडला. रोमिंग-बिमिंग त्याला काय माहीत? तो काय म्हणणार? बहीण अजून तशीच फणफणतीय, असंच म्हणणार की."

हे बरोबर होतं, आणि बरोबर होतं म्हणूनच मला राग आला. "म्हणू दे. फणफणायचं कारणही तसंच आहे."

"काय कारण?"

मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. दुकानात बसणाऱ्या बाईने रडगाणी गायची नसतात, गिऱ्हाईक पळतं. पण परक्या देशात, मोटरच्या आवाजात, मिरजेच्या एका म्हाताऱ्या रंगवाल्याला मी ते सांगून टाकलं.

आई गेली तेव्हा दिगू पहिलीत होता आणि मी अठरा वर्षांची. त्याला न्हाऊ मी घातलं, पाटीवर अक्षरं मी गिरवून घेतली, लग्न होऊन इस्लामपूरला आले तेव्हाही तो माझ्याबरोबरच आला. नवऱ्याने त्याला स्वतःच्या पोरासारखं शिकवलं. आम्हाला मूल झालं नाही, दिगू होता. पुढे नवरा गेला. दिगू इंजिनियर होऊन पुण्याला लागला, आणि त्याचं लग्न ठरलं गडहिंग्लजला. मुलगी चांगली, रोहिणी नाव. लग्नात नवऱ्यामुलाच्या उपरण्याची आणि नवरीच्या शालूची गाठ मुलाच्या बहिणीने बांधायची ही आमची पद्धत. गुरुजींनी बहिणीला बोलावलं, मी पुढे झाले, उपरण्याचं टोक हातात घेतलं. तेवढ्यात रोहिणीची मालतीमावशी पुढे आली. "सवाष्ण हवी इथं," म्हणाली. वाईट बोलली नाही, हळूच बोलली, आणि माझ्या बोटांतून ते टोक काढून घेऊन आमच्या चुलतबहिणीच्या, शोभाच्या, हातात दिलं.

"आणि भाऊ?" काकांनी विचारलं.

"भावानं बघितलं. माझ्याकडे बघितलं, मग खाली पाटाकडे बघितलं. आणि गप्प बसला."

मावशीचा मला राग आलाच नव्हता असं नाही, पण ती परकी होती, तिच्या घरची रीत ती बोलली. ज्याला मी बोलायला शिकवलं तो बोलला नाही, हे मला लागलं. मी जेवले नाही. त्याच साडीत एस.टी.त बसून घरी आले. नंतर त्याने फोन केले, मी उचलले नाहीत. मग त्याने करायचे सोडले. हट्टीपणात आमचं घराणं कुणाला हार जात नाही.

"पोरबाळ हाय का त्याला?"

"बारा दिवसांपूर्वी मुलगी झाली. गडहिंग्लजचं एक गिऱ्हाईक आहे, त्यांच्याकडून कळलं."

"म्हणून काल बाजारात ते झबलं घेतलंत होय! आणि आम्हाला म्हणालात, गिऱ्हाईकाच्या नातीला."

 काकांनी माझ्या मांडीवरचा फोन उचलून माझ्या हातात दिला. "लावा," म्हणाले. "आता फुगून बसाल तर पोरगी लग्नाला येईल, तरी तुमचं आपलं सुरूच."

मी लावला. घंटी वाजत राहिली, वाजत राहिली, आणि बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा तसंच.  लग्नानंतर तो असाच घंटी ऐकत बसायचा आणि मी उचलत नव्हते. आता ते मला समजत होतं.

तेवढ्यात मेसेज आला. रोहिणीचा होता. "अक्का मी रोहिणी. आज आईकडे बाळाचं बारसं आहे. नाव तुम्हीच ठेवावं म्हणून हे फोन करत होते. तुम्ही कट केलात. हे परसात जाऊन बसलेत, फोन आतल्या खोलीत टाकून. आता शोभाताईंना बसवलंय. पाळणा म्हणतायत, संपला की नाव."

मी तो मेसेज दोनदा वाचला, मग मोठ्याने वाचला. बंडूने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"आता काय ओ?" तो म्हणाला.

बारशाला पाळणा म्हणतात तो लांबलचक असतो हे खरं, पण त्यालाही शेवट आहे. शेवटचं कडवं संपलं की आत्याने बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं. एकदा सांगितलं की झालं. ते काही कुणाला पुन्हा सांगता येत नाही.

मी रोहिणीला फोन लावला. तिने पहिल्या घंटीला उचलला. मागे बायकांचा आवाज येत होता, जो बाळा जो जो रे.

"अक्का?" ती कुजबुजली. "मला वाटलं तुम्ही…"

"रोहिणी, मी परदेशात आहे गं. इथं आलेला फोन कापायचाच असतो, मीटर पडतं. दिगूचा आहे हे मला मागनं कळलं. त्याला बोलाव."

"मला उठता येत नाही, पाळण्याशी बसवलंय. थांबा." आणि मग त्या मवाळ पोरीने असा आवाज काढला की मी फोन कानापासून लांब धरला. "अहो! ऐकलंत का? अक्कांचा फोन आलाय!"

पाळणा थांबला. सगळ्या बायका एकदम गप्प झालेल्या मला इतक्या लांबून ऐकू आल्या. मग एक आवाज आला. तो मी चार वर्षांपूर्वी एकदाच ऐकला होता, पण विसरले नव्हते. "आता हे काय मधेच? त्या तिकडं परदेशात आहेत असं त्यांच्या इथल्या गिऱ्हाइकाकडनं कळलं, म्हणून तर बाराव्या दिवशीच उरकून घेऊया म्हटलं. विचारायचं नको, दुखवायचंही नको. आणि फोनवरनं कुठं नाव ठेवतात? पाळण्याशी सवाष्ण…"

आणि आवाज गेला. आमची होडी एका लाकडी पुलाखाली शिरली होती.

"थांबवा!" मी उठून उभी राहिले. होडी डुगडुगली. "अरे, थांबव ती मोटर!"

नावाडी हसून मान हलवत होता. त्याला वाटलं बाई खूश झाली. आमची गाईड पोरगी, नोई तिचं नाव, मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, "मॅडम, क्या हुआ? डर गया?"

"डरा नहीं," बंडू पुढे झाला. त्याचं हिंदी तिच्याहून मोडकं. "मॅडम का भाई, उसका बच्चा, नाम रखने का है. फोन पे! मॅडम आत्या है, आत्या! बंद करो ये भकभक!"

नोईला काय कळलं देव जाणे. पण ती नावाड्यावर खेकसली आणि मोटर बंद झाली. पुलातून बाहेर निघून होडी कालव्याच्या मधोमध पाण्यावर नुसती तरंगत राहिली. मागच्या होड्या अडल्या, कुणीतरी शिट्ट्या मारायला लागलं. मागच्या होडीतून आमचेच जाधव ओरडले, "काय झालं?" शहापुरेकाकांनी नुसता हात वर केला, तसे तेही गप्प झाले.

मी पुन्हा लावला. या वेळी उचलला तो रोहिणीने नाही.

"अक्का."

चार वर्षांनी तो आवाज. जरा जाड झाला होता. मला काय काय बोलायचं होतं, चार वर्षांत किती वेळा मनात त्याला फैलावर घेतलं होतं. तोंडातून बाहेर पडलं ते एवढंच, "जेवलास का रे?"

"अजून नाही." मग थांबून, "तू कट केलास."

"दिगू, तुझी शपथ. इथे सगळ्यांचेच कापते मी. नंतर बघितलं."

"खरं?"

"खरं रे, खुळ्या."

 नाक ओढल्याचा आवाज आला. लहानपणी तो रडला की असाच नाक ओढायचा आणि सर्दी झालीय म्हणायचा.

"अक्का, नाव ठेवतेस?"

"तिथे शोभाला बसवलंय ना?"

"शोभाताई केव्हाच उठली. म्हणाली, तिचा मान आहे, मला कशाला मधे घालता."

"आणि बाकीचे?"

त्याने उत्तर द्यायच्या आधी ते मला ऐकू आलंच. मालतीमावशी बोलत होती. आवाज चढवून नाही, समजावणीच्या सुरात, लग्नात बोलली होती तशीच. "दिगंबरराव, राग मानू नका. आमचं त्यांच्याशी काही वाकडं नाही. पण पोरीचं पहिलं कार्य आहे. सवाष्णीनंच करावं. त्या आल्या की आशीर्वाद देतीलच की."

मी फोन कानाला घट्ट धरला. शेजारच्या घरातली एक बाई उंबऱ्यावर उभी राहून आमच्या थांबलेल्या होडीकडे बघत होती. मला तिथे बसून काहीच करता येणार नव्हतं. नावही ठेवता आलं नसतं तरी चाललं असतं, खरंच चाललं असतं. पोरीला शोभाने नाव ठेवलं म्हणून ती माझी भाची व्हायची थोडीच राहणार होती! मला फक्त ऐकायचं होतं, दिगू आता काय करतो. तो पुन्हा पाटाकडे बघत बसला असता, तर मी तो फोन त्या कालव्यात टाकला असता आणि उरलेलं आयुष्य रंग विकत काढलं असतं.

तो बोलला. फोनमध्ये नाही, तिथल्या माणसांशी बोलला, म्हणून आवाज लांबून आला. पण शब्द न् शब्द कळला.

"मावशी, लग्नात तुम्ही अक्काच्या हातातलं उपरणं काढून घेतलंत, तेव्हा मी गप्प बसलो. तुमचं चुकलं की नाही ते तुमचं तुम्ही बघा, माझं चुकलं. मांडवात एवढी माणसं होती, मला लाज वाटली बोलायची. आज लाज वाटत नाही. सवाष्ण-बिवाष्ण मला माहीत नाही. मला जिनं वाढवलं ती माझ्या पोरीची आत्या आहे, आणि नाव तीच ठेवणार. ज्यांना चालत नाही त्यांनी जेवून जावं, पण मधे बोलू नये."

  मी रडत होते आणि ते पुसायचं भान मला नव्हतं. मंडळींना फोनमधलं काही ऐकू आलं नव्हतं, पण माझ्या तोंडाकडे बघून त्यांना काय ते कळलं असावं. बंडूने एकदाही मीटरचं नाव काढलं नाही.

मग तिकडे एका बाईने गळा साफ केला आणि पाळणा पुन्हा सुरू झाला, जिथे तुटला होता त्याच कडव्यापासून. म्हणणारी रोहिणीची आई होती, हे मला पुढे कळलं. आम्ही परक्या देशातल्या त्या पाण्यावर बसून गडहिंग्लजचा पाळणा ऐकला. मी फोन थोडा पुढे धरला, तसे सगळेच माझ्याभोवती वाकले आणि नावाडी घाबरून दोन्ही हातांनी खुणा करायला लागला.

"अक्का," दिगू पुन्हा फोनवर आला, "झालं. आता सांग. तू ठेवशील ते."

"तुम्ही काही ठरवलं असेल की. अक्षर कुठलं आलंय?"

"अक्षर राहू दे. तू मनात काहीतरी धरलं असशीलच. मी ओळखत नाही का तुला?"

धरलं होतं. गिऱ्हाइकाने मुलगी झाल्याचं सांगितलं त्या दिवशी पेढा तोंडात टाकला आणि मी रंग ढवळायला गेले होते. डब्यात काठी फिरवता फिरवता नाव मनात येऊन बसलं होतं. कुणी विचारणार नाही हे माहीत असताना आपण नावं कशाला शोधतो, म्हणून मी स्वतःलाच रागावले होते. उपनिषदातली ती एक बाई, भरल्या सभेत उठून मोठमोठ्यांना प्रश्न विचारणारी. आमच्या घरात अशी एकजण तरी असावी असं मला वाटलं होतं.

"तिच्या कानाशी धर फोन," मी म्हणाले.

"धरतो."

कापडाची सळसळ ऐकू आली, आणि मग एवढासा श्वास. बारा दिवसांच्या बाळाचा श्वास. मी नकळत खाली वाकले, जणू पाळणा माझ्या पायाशीच होता, आणि तोंडाशी हात आडवा धरला. "कुर्रर्र…"

"थांबा, थांबा!" शहापुरेकाका केवढ्यांदा ओरडले. "अहो, असं कोरडं नाव ठेवतात होय? पाठीत कोण मारणार?"

आत्या कानात नाव सांगते तेव्हा तिच्यामागे बसलेल्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. त्याशिवाय बारशाला मजा नाही. पण बायका आणायच्या कुठून? होडीत सगळे रंगवाले. ते एकमेकांकडे बघायला लागले. नवरा गेल्यापासून लग्नात, मुंजीत, हळदीकुंकवात नऊ वर्षं मला कुणी हात लावून पुढे ओढलं नव्हतं. आणि आता हा सत्तरीचा माणूस माझ्यामागे गुडघे टेकून विचारत होता, "मारू का ओ, बाई? तुमची परवानगी असेल तर."

"मारा काका," मी म्हणाले.

"कुर्रर्र…" मी पुन्हा वाकले. काकांचा तो थोराड हात पाठीत पडला, आणि मला वाटलं मणका गेला. मग बंडूचा पडला, लाजत लाजत. मग नोई उठली. तिला काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण मारायचंय एवढं कळलं, आणि तिने दोन्ही हातांनी मनापासून बदडलं. होडी इकडून तिकडे झोकांड्या खायला लागली. नावाडी त्याच्या भाषेत देवाचं नाव घ्यायला लागला. मागच्या होडीतून जाधव ओरडले, "आमच्याकडनं एक घाला!" आणि त्या सगळ्या गोंधळात मी फोनवर ओठ टेकवून म्हणाले, "गार्गी. गार्गी. गार्गी."

तिकडे बाळ रडायला लागलं. दिगू हसायला लागला.

"ऐकलं गं तिनं," तो म्हणाला. "पण तिकडं आवाज कसला येतोय? भांडण-बिंडण झालं का?"

"मला बदडतायत इथे. मिरजेचे, विट्याचे, सगळे मिळून."

मग मला मालतीमावशीचा आवाज आला. तिचा आवाज जरा पडला होता, पण होता तो कामाचाच, कार्यातल्या जाणत्या बाईचा. "आत्याच्या पाठीत मारायचं असतं. आत्या तर तिकडं. मग इथं कुणाच्या पाठीत मारायचं?"

रोहिणी म्हणाली, "आत्याचा फोन ज्यानं धरलाय त्याच्या!"

बायकांचा हशा उसळला, "अगं, अगं" असं दिगू म्हणाला, फोन कशावर तरी आपटला, आणि मग मला ते धपाटे ऐकू आले. एकामागून एक, माझ्या भावाच्या पाठीत. त्यातला पहिला मालतीमावशीचा होता असं रोहिणीने मला नंतर सांगितलं. मी त्या होडीत डोळे पुसत, हसत, फोन कानाला लावून बसले होते, मीटर पळत होतं, आणि खरं सांगते, त्यातला एक तरी चांगला सणसणीत बसावा असं मला मनापासून वाटत होतं.